दोन चांगल्यांतून एक

मार्चच्या अखेरीस अमेरिकेतील महाविद्यालयांचे प्रवेशनिर्णय कळतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवून अनामत रक्कम भरावी लागते. अलीकडे आपल्या समाजातील काही घरांत या चार-पाच आठवड्यांत एक नवाच पेच उभा राहू लागला आहे. मुलीला किंवा मुलाला दोन लहान निवासी महाविद्यालयांनी प्रवेश दिलेला असतो. दोन्हींची ख्याती सारखी, दोन्हींचे शुल्क जवळपास सारखे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी मात्र दोहोंपैकी एकाचेही नाव पूर्वी ऐकलेले नसते. अशा वेळी निवड कशी करावी, याचा विचार एका प्रसिद्ध जोडीच्या आधारे करू. ही जोडी मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट या महाविद्यालयांची.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लिबरल आर्ट्‌स’ या नावावरून तेथे केवळ कला शाखा असावी असे वाटते; पण गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, संगीत असे सर्व विषय तेथे शिकविले जातात. चार वर्षांची पदवी. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवायचा. दोन्हीकडे विद्यार्थी सुमारे दोन हजार आणि सहा-सात विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक. मात्र वाणिज्य, व्यवस्थापन किंवा अभियांत्रिकी यांची पदवी दोन्ही ठिकाणी मिळत नाही. ‘शिकून आल्यावर पेढीचे हिशेब पाहील’ अशी अपेक्षा असेल, तर ती आताच मोकळेपणाने बोलून घ्यावी. तिसऱ्या वर्षी दूरध्वनीवरून तो वाद घालणे कोणालाच सुखाचे होत नाही.

‘एवढ्याशा कॉलेजला कोण ओळखते?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे एक उत्तर आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे. १८०६ मध्ये विल्यम्सचे पाच विद्यार्थी वादळी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले असता परदेशी जाऊन धर्मकार्य करण्याचा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. त्या प्रेरणेतून १८१० मध्ये अमेरिकेत एक मिशनरी मंडळ स्थापन झाले आणि १८१३ मध्ये त्याचे पहिले प्रतिनिधी मुंबईत उतरले. त्यांतील गॉर्डन हॉल हे विल्यम्सचेच पदवीधर होते. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात अशी झाली. तिच्या धर्मप्रचाराविषयी आपले मत काहीही असो, मराठी शाळा आणि मराठी मुद्रण यांच्या इतिहासात तिचे नाव घ्यावेच लागते. तेव्हा विल्यम्स आजच्यापेक्षाही कितीतरी लहान होते. नाव आपल्या कानांवर नसणे हा संस्थेचा दोष समजू नये.

या दोन संस्थांचे नातेही मनोरंजक आहे. विल्यम्सची स्थापना १७९३ ची. ते गाव फारच एका बाजूला आहे, असे वाटल्याने तेथील अध्यक्ष झेफानिया स्विफ्ट मूर १८२१ मध्ये काही विद्यार्थ्यांसह बाहेर पडले आणि नव्याने निघालेल्या अ‍ॅमहर्स्टचे पहिले अध्यक्ष झाले. एका घरातून फुटून निघालेल्या दोन पेढ्यांप्रमाणे त्यांची चढाओढ आजही चालू आहे. १८५९ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयांमधील पहिला बेसबॉल सामना या दोघांतच झाला आणि अ‍ॅमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला.

मग फरक कोठे आहे? तो शिकण्याच्या रीतीत आहे. अ‍ॅमहर्स्टमध्ये अभ्यासक्रम खुला आहे. पहिल्या वर्षीचे एक चर्चासत्र आणि निवडलेल्या मुख्य विषयाच्या अटी एवढेच बंधन. बाकी सर्व निवड विद्यार्थ्याची. चार वर्षांत गणिताचे पुस्तक न उघडताही पदवी मिळू शकते, आणि गणितासोबत ग्रीक व चित्रकलाही शिकता येते. विल्यम्समध्ये भाषा व कला, सामाजिक शास्त्रे आणि विज्ञान-गणित या तिन्ही विभागांत प्रत्येकी किमान तीन विषय घ्यावेच लागतात. शिवाय जानेवारीचा महिना एकाच विषयासाठी राखून ठेवलेला असतो.

विल्यम्सची खरी ओळख मात्र तेथील ‘ट्यूटोरियल’ वर्ग ही आहे. एक अध्यापक आणि दोनच विद्यार्थी. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून मांडायचा, दुसऱ्याने त्यातील उणिवा दाखवायच्या. पुढच्या आठवड्यात भूमिका बदलतात. तेथे मागच्या बाकावर लपण्याची सोय नाही. ज्या मुलाला समोरच्याने प्रश्न विचारला की उत्साह येतो, त्याला यासारखी पर्वणी नाही. जो एकांतात, आपल्या गतीने वाचतो, त्याने अशा वर्गांचा विचार सावकाशीने करावा.

परिसराचाही विचार हवा. विल्यम्सटाउन हे राज्याच्या वायव्य टोकाला डोंगरांत वसलेले छोटे गाव आहे. तेथे क्लार्क हे नामवंत कलासंग्रहालय आहे, पण शहर म्हणावे असे जवळ काही नाही. अ‍ॅमहर्स्ट हेही गावच. परंतु परिसरातील स्मिथ, माउंट होल्योक आणि मॅसॅच्युसेट्सचे मोठे राज्य विद्यापीठ यांच्याशी त्याचा सहकार्याचा करार आहे. तेथील विद्यार्थी या संस्थांतील वर्गही घेऊ शकतो. एखादा विषय आपल्याकडे नसेल तर शेजारी मिळतो. ज्यांना माणसांची आणि पर्यायांची वर्दळ आवडते त्यांना हे मोलाचे वाटेल. चार वर्षे एकाच लहान समूहात घट्ट मैत्री जोडणाऱ्यांना विल्यम्सचा एकांत मानवेल.

आता खर्च. राहणे-जेवण धरून दोन्हीकडे वर्षाला ९०,००० डॉलरांहून अधिक लागतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी हे ७६ लाखांहून अधिक होतात आणि चार वर्षांचे तीन कोटींवर जातात. गुणांवर आधारित शिष्यवृत्ती दोन्हीकडे नाही. जी मदत मिळते ती कुटुंबाच्या गरजेवर. विल्यम्सने २०२२ पासून मदतीतील कर्ज आणि सक्तीचे काम काढून टाकून त्याऐवजी अनुदान देण्यास आरंभ केला. अ‍ॅमहर्स्टमध्ये परदेशी विद्यार्थ्याच्या निवडीच्या वेळी त्याची आर्थिक स्थिती विचारात घेतली जात नाही. हाती आलेली दोन्ही पत्रे शेजारी ठेवून परत न करावयाचे अनुदान किती आणि आपल्या खिशातून जाणारी रक्कम किती, एवढेच दोन आकडे प्रथम काढावेत. एकत्र कुटुंबाच्या पेढीत वडिलांचा वाटा किती, मालाचा साठा कोणाच्या नावे, हे मदतीच्या अर्जात विचारले जाते. ती माहिती आयकर विवरणपत्राशी तंतोतंत जुळली पाहिजे. लपवलेला आकडा मुलाच्या प्रवेशावरच बेतू शकतो.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत गौण नाही. ‘शाकाहारी जेवण मिळते’ या उत्तरावर थांबू नये. कांदा-लसूण आणि कंदमुळे वगळून रोज काय मिळेल, हे भोजन विभागाला लिहून विचारावे. डिसेंबरात तेथे साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्याने त्या वेळी जेवण कसे मिळेल, हेही विचारून घ्यावे. आलेल्या उत्तरातून ती संस्था एका विद्यार्थ्याकडे किती लक्ष देते, हेही कळते.

सरतेशेवटी निवड कोणी करावी? किती खर्च झेपेल, हे आई-वडिलांनी ठरवावे आणि तो आकडा मुलाला स्पष्ट सांगावा. त्या मर्यादेत दोन्ही बसत असतील, तर पुढचा निर्णय ज्याला तेथे राहायचे आहे त्याचा. मात्र त्याने तो क्रमवारीच्या तक्त्यावरून घेऊ नये; तेथील एक-दोन पायऱ्यांच्या फरकाला फारसा अर्थ नसतो. दोन्ही महाविद्यालयांच्या विषयसूची उघडून त्याने पहिल्या सत्राचे दोन प्रत्यक्ष वेळापत्रक लिहून काढावे: कोणते चार विषय, सोमवारी सकाळी कोणता वर्ग, आठवड्याला किती लेखन. मग तेथे शिकणाऱ्या दोघा-तिघांशी बोलून ती वेळापत्रके त्यांना दाखवावीत. कोणता कागद पाहताना मूल स्वतःहून बोलू लागते, हे आईच्या सहज लक्षात येईल.

होकार एकाच ठिकाणी द्यावा. दोन्हीकडे अनामत भरून ठेवणे नियमाला आणि सचोटीला धरून नाही. नकाराचे पत्रही त्याच दिवशी पाठवावे. ती जागा मोकळी होण्याची वाट प्रतीक्षायादीवरील दुसरे एखादे घर पाहत असते.