नव्या घराची ओल

नव्या घराच्या भिंतीला बुरशी आली की दोष गृहिणीच्या माथी येतो. खिडक्या उघडत नाही, ओले कपडे घरात वाळत घालते, असे पाहुणेसुद्धा बोलून जातात. आमचे मत वेगळे आहे. पुष्कळदा दोष घरात राहणाऱ्यांचा नसतो, बांधणाऱ्यांचा असतो. अमेरिकेत हे लोकांना फार महागात पडून कळले.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात समुद्राजवळ विल्मिंग्टन नावाचे शहर आहे. पाऊस आणि वादळे त्यांना आपल्यासारखीच ओळखीची. १९९५ च्या सुमारास तेथे अवघ्या काही वर्षांच्या घरांच्या भिंती आतून कुजलेल्या सापडल्या. लाकडी सांगाड्यावर प्लायवूडसारखे तक्ते, त्यांवर फोम चिकटवलेला, वर जाळी आणि कृत्रिम गिलाव्याचा पातळ थर, अशी ती भिंत. बाहेरून पाहावे तर सुबक. पण पावसाचे पाणी खिडकीच्या कोपऱ्यांतून आणि छपराच्या सांध्यांतून आत जाई आणि त्याला बाहेर पडायला वाटच नसे. जुन्या घरातही पाणी शिरत असे, पण फटींतल्या वाऱ्याने ते सुकून जाई. हे नवे घर म्हणजे बूच लावलेली बाटली.

मग भांडण लागले. गिलावा तयार करणारे म्हणत, कारागिरांनी सांधे नीट बुजवले नाहीत. घरमालक म्हणत, ज्या भिंतीला कारागिराची एकही चूक सोसत नाही, ती भिंतच चुकीची. आम्हाला घरमालकांचे म्हणणे पटते. १९९६ साली राज्याने नियम बदलला आणि अशा गिलाव्याच्या नव्या घरांत आत आलेले पाणी बाहेर काढण्याची सोय सक्तीची केली. ज्यांनी कर्ज काढून आधीच घरे घेतली होती, त्यांच्या नशिबी कोर्टकचेऱ्या आल्या.

होनोलुलू तर आपल्यासारखे बेटावरचेच शहर. तेथील हिल्टन हवाईयन व्हिलेज हॉटेलचा नवा कालिया टॉवर २००१ साली उघडला आणि खोल्यांतील बुरशीमुळे जुलै २००२ मध्ये बंद करावा लागला. पुन्हा उघडायला सप्टेंबर २००३ उजाडले. पैसा होता, वातानुकूलन होते, तरी ही गत.

१९६० च्या आलिक्स आणि कॅरोल चक्रीवादळांनंतर मॉरिशसमध्ये आपण काँक्रीटची घरे धरली, ते योग्यच झाले. पण नवे काँक्रीट स्वतःच पाणी धरून असते. ते सुकायला थराच्या दर इंचाला साधारण एक महिना, असा अंदाज अमेरिकेतले कारागीर फरशी घालण्यापूर्वी धरतात. आपण मात्र गृहप्रवेशाची तारीख आली म्हणून ओल्या भिंतीवर रंग काढतो आणि तिला कपाट टेकवतो. मुहूर्त पुढचा काढता येतो, पुरोहितजी रागावणार नाहीत.

अमेरिकेचे पर्यावरण खाते सांगते की भिजलेले सामान २४ ते ४८ तासांत सुकवा, घरातील आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा आणि बुरशीवर रंग फासू नका. क्युरपिप-वाक्वाच्या पावसात ६० टक्के म्हणजे थट्टाच वाटेल! म्हणून तर घर बांधतानाच पाहिले पाहिजे. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता एका मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवावा, तसे कागदावर आधीच लिहून घ्यावे. त्या पावसात त्याला बोलावून खिडकीपाशी उभे करावे आणि विचारावे, आत आलेले हे पाणी जाणार कोठून?