ओझर ते बिरसी थेट विमान हवे

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री



नाशिकहून लिहिते आहे. मागणी एकच आहे: आमचं ओझर आणि गोंदियाजवळचं बिरसी, या दोन विमानतळांमध्ये थेट विमान सुरू व्हावं.

माझी मुलगी गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिला सोडायला आम्ही रात्री नाशिकरोडला जातो. विदर्भ एक्सप्रेस दहानंतर येते. फलाटावर तिच्यासारखीच मुलं असतात, बदलीच्या गावी परत निघालेले शिक्षक असतात, पोलीस असतात. बॅगेवर चिवड्याचा डबा, हातात द्राक्षांची पेटी, आणि तिकीट आरएसीतून सुटलं का हे बघायला सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. गाडी गोंदियाला लागेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार व्हायला येते. चार दिवसांची सुट्टी असली तर त्यातले दोन प्रवासात जातात, म्हणून लहानसहान सुट्टीला लेक घरी येतच नाही.

याच दोन ठिकाणांमधलं हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर आहे. एटीआरसारखं छोटं विमान ताशी 500च्या आसपास उडतं. उड्डाण-उतरणं धरून पावणेदोन तास पुरावेत. नाशिक-नागपूर विमान सुरू झालं तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता, पण नागपूरहून गोंदिया रेल्वेने आणखी 130 किलोमीटर राहतं. विमानाची वेळ आणि गाडीची वेळ जुळली नाही, तर वाचलेला वेळ नागपूर स्टेशनवरच संपतो.

धावपट्ट्या दोन्हीकडे आहेत. ओझरला 1964 पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग तिथे बनली, सुखोई तिथे बनली. प्रवाशांसाठीचं टर्मिनल 2014 साली उभं राहिलं. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, आणि आज तिथे वैमानिक घडवणारी मोठी प्रशिक्षण संस्था आहे. एका टोकाला विमानं तयार होतात, दुसऱ्या टोकाला ती चालवणारे तयार होतात, आणि त्या दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी मात्र रात्रभर रेल्वेत बसायचं, हे मला पटत नाही.

‘उडान’ योजनेत पूर्वी 600 किलोमीटरपेक्षा लांबचा मार्ग बसतच नव्हता. आमचा मार्ग त्या रेषेच्या थोडासाच पलीकडे. 2023च्या पाचव्या फेरीत ती अट निघाली, हे चांगलं झालं. पण कंपनीला तोटा भरून देणारी मदत अजून 600 किलोमीटरपर्यंतच मोजली जाते. वरच्या ऐंशी किलोमीटरचं इंधन कंपनीने स्वतःच्या खिशातून घालायचं असेल, तर ती या मार्गासाठी बोली लावेल कशाला? राज्याच्या दोन टोकांना जोडणाऱ्या मार्गांना ही मदत पूर्ण अंतरावर मिळावी. तेवढा भार महाराष्ट्र सरकारनेही उचलावा; तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे.

आणखी एक. ही मदत तीन वर्षांनी थांबते. विमान बंद करायचंच झालं तर किमान तीन महिने आधी जाहीर करण्याची सक्ती असावी, कारण मुलांचे प्रवेश आणि नोकरदारांच्या बदल्या त्या भरवशावर ठरतात.

2027च्या कुंभमेळ्यासाठी ओझरला मोठी तयारी चालली आहे. त्या वेळापत्रकातच आठवड्याला तीन फेऱ्या गोंदियाच्या घाला. शुक्रवारी संध्याकाळी तिकडून, रविवारी संध्याकाळी इकडून, आणि एक मधल्या वारी.

आपली,
नाशिकची एक आई