नेता कोण, हे मोजून ठरू द्या

मार्च 1937. मुंबई इलाख्यातल्या काँग्रेसपुढे तोवर कधीच न आलेला प्रश्न येऊन उभा राहिला. सत्ता दारात आली आहे, आता नेता कोण? 1935 च्या कायद्यानुसार प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुका झाल्या होत्या. 175 जणांच्या विधानसभेत काँग्रेसचे 86 आमदार निवडून आले होते. बहुमताला दोन जागा कमी होत्या, पण तिच्या जवळपास येईल असा दुसरा पक्षच सभागृहात नव्हता. जो काँग्रेस विधिमंडळ पक्षाचा नेता होईल तोच प्रांताचा पंतप्रधान होणार, हे उघड होतं. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.

मुंबई शहरात विचारलं असतं तर बहुतेकांनी एकच नाव घेतलं असतं, खुर्शेद फ्रामजी नरिमन. मुंबई प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष, शहराचे माजी महापौर, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले वकील. बॅकबेच्या भरावातला गैरव्यवहार त्यांनी चव्हाट्यावर आणला, त्यावरून हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन त्यातून निर्दोष सुटले. सरकारशी अशी झुंज देऊन जिंकलेला माणूस लोकांच्या लक्षात राहतो. आपण नेता होणार यात नरिमन यांनाही शंका नसावी.

नेता झाले बाळासाहेब खेर. रत्नागिरीत जन्मलेले, मुंबईत सॉलिसिटर म्हणून नाव मिळवलेले, मितभाषी गृहस्थ. निवड एकमताने झाली. कोणाला किती मतं, हा प्रश्नच आला नाही, कारण मतदानच झालं नाही.

हे घडलं कसं, ते नीट पाहायला हवं. मुंबई इलाखा म्हणजे एकटी मुंबई नव्हे. काँग्रेसच्या रचनेत त्यात चार प्रांत होते: मुंबई शहर, महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटक. नरिमन यांचं वजन शहरात होतं, पण आमदार बहुसंख्येने बाहेरून आले होते. पुण्या-साताऱ्याच्या, धारवाड-बेळगावच्या, खेडा-सुरतेच्या आमदारांना आपल्या पुढाऱ्यांचं मत महत्त्वाचं वाटणं स्वाभाविक होतं. महाराष्ट्रात शंकरराव देव होते, कर्नाटकात गंगाधरराव देशपांडे होते, गुजरातेत खुद्द वल्लभभाई पटेल. वल्लभभाई काँग्रेसच्या संसदीय उपसमितीचे अध्यक्षही होते. नरिमन यांच्याबद्दल त्यांचं मत 1934 पासून बिघडलेलं होतं. त्या वर्षीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसचे कन्हैयालाल मुन्शी पडले आणि सर कावसजी जहांगीर निवडून आले. नरिमन यांनी त्या वेळी पक्षाशी दगा केला, असा आरोप होता.

नेतेपद हुकल्यावर नरिमन गप्प बसले नाहीत. वल्लभभाईंनी दबाव आणून आमदारांची मतं फिरवली, ही त्यांची तक्रार. मुंबईच्या काही वृत्तपत्रांनी ती उचलून धरली, कार्यकारिणीत वाद झाला, त्या वर्षीचे काँग्रेस अध्यक्ष जवाहरलाल नेहरू वैतागले. अखेर गांधीजींनी चौकशी हाती घेतली आणि त्यात दी. न. बहादुरजी या नामवंत पारशी कायदेपंडितांना बरोबर घेतलं. मधल्या काळात गव्हर्नरांच्या अधिकारांवरून काँग्रेसने मंत्रिपदं स्वीकारण्याचं लांबवलं होतं. प्रांतात धनजीशा कूपर यांचं तात्पुरतं मंत्रिमंडळ आलं आणि गेलं, आणि 19 जुलैला खेर पंतप्रधान झाले. चौकशीचा निर्णय त्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये लागला. वल्लभभाईंवरचा आरोप टिकला नाही. उलट 1934 च्या प्रकरणात नरिमनच दोषी ठरले. विश्वासाच्या पदाला ते अपात्र आहेत, असं काँग्रेस कार्यकारिणीने जाहीर केलं. एका मोठ्या राजकीय आयुष्याची वाट तिथे खुंटली. 1948 मध्ये नरिमन वारले.

यावर दोन तट तेव्हापासून आहेत. मौलाना आझादांनी आपल्या आत्मकथनात लिहिलं, की नरिमन यांना डावलण्यामागे ते पारशी आहेत हा विचार होता. वल्लभभाईंच्या बाजूचे लोक 1934 कडे बोट दाखवतात. आम्हाला खेरांची निवड चुकीची वाटत नाही. 1937 ते 39 आणि पुन्हा 1946 ते 52 असा दोनदा त्यांनी कारभार केला, आणि त्यांच्या सचोटीवर विरोधकांनीही शंका घेतली नाही. चार प्रांतांना एकत्र ठेवायला शांत माणूस हवा होता, हेही पटतं. आमचं दुखणं दुसरीकडे आहे. त्या दिवशी 86 आमदारांना चिठ्ठ्या वाटून मतं घेतली असती, तर नरिमन यांना कळलं असतं, की आपण पंधरा मतांनी हरलो की साठ. त्यांच्या पाठीराख्यांनाही कळलं असतं. वल्लभभाईंवर संशय घ्यायला जागा उरली नसती, किंवा संशय खरा ठरला असता. सात महिन्यांची पत्रापत्री, वृत्तपत्रांतले वार, गांधीजींचा वेळ, एका लढाऊ माणसाचा कायमचा अवमान, यातलं बरंचसं टळलं असतं. एकमताच्या ठरावाने हा आकडा कायमचा गाडून टाकला, म्हणून आज जवळपास नव्वद वर्षांनीही तो वाद मिटलेला नाही. महाराष्ट्राचं विधानभवन आज उभं आहे ते नरिमन पॉइंटवर. तिथे रोज जाणाऱ्या आमदारांपैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, हे विचारावंसं वाटतं.

पुढच्याच वर्षी मध्य प्रांत-वऱ्हाडात याहून वाईट घडलं. पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे आणि रविशंकर शुक्लांचा गट यांच्यात पचमढीला समेट झाला. तो दोन महिनेही टिकला नाही. जुलै 1938 मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला आणि सगळा निकाल वर्ध्याला, पक्षश्रेष्ठींच्या पुढ्यात लागला. नागपूरच्या मराठी माणसाच्या मनात त्याचा सल दीर्घकाळ राहिला.

आता याच मातीतलं उलट उदाहरण पाहू. ऑक्टोबर 1956. द्वैभाषिक मुंबई राज्य 1 नोव्हेंबरला अस्तित्वात यायचं होतं आणि त्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाला नेता निवडायचा होता. मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. आपली निवड एकमताने व्हावी, स्पर्धा असेल तर आपण उभे राहणार नाही, ही त्यांची भूमिका होती. भाऊसाहेब हिरे उभे राहिले. मोरारजी बाजूला झाले आणि यशवंतराव चव्हाण मैदानात आले. मतदान झालं. चव्हाणांना 333, हिऱ्यांना 111. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं, गोळीबारातल्या मृतांचं दुःख ताजं होतं, पक्षाच्या आत आणि बाहेर संताप होता. यशवंतरावांचा तो मुख्यमंत्रिपदाचा आरंभ अतिशय कठीण होता. पण आपल्या मागे किती आमदार आहेत, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि दिल्लीलाही माहीत होतं. हिऱ्यांच्या मागे किती आहेत, हेही सर्वांना दिसलं. त्या वर्षीच्या दिवाळीतच नवं राज्य सुरू झालं. साडेतीन वर्षांनी, 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारे यशवंतराव होते. त्यांच्या कारकिर्दीचं यश त्या एका मतदानाने मिळालं, असा आमचा दावा नाही. पण आपल्यावर बाहेरून कोणी बसवलेला नेता नाही, हे त्यांच्या आमदारांनी स्वतः ठरवलं होतं. त्याचं बळ त्यांना पुढे पुरलं, असं आम्हाला वाटतं.

मोरारजींच्या आयुष्यात या प्रश्नाच्या सगळ्या तऱ्हा येऊन गेल्या. 1937 मध्ये ते खेरांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री होते. 1956 चं वर सांगितलंच. जानेवारी 1966 मध्ये शास्त्रीजींच्या निधनानंतर सर्वांनी माघार घ्या म्हटलं तरी ते मागे हटले नाहीत. काँग्रेस संसदीय पक्षात मतदान झालं. इंदिरा गांधींना 355, मोरारजींना 169. हरले, आणि पुढच्याच वर्षी त्याच इंदिराजींच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान झाले. 1977 मध्ये मात्र नव्याने बहुमतात आलेल्या जनता पक्षाने मतदान टाळलं. मोरारजी, जगजीवनराम आणि चरणसिंग असे तीन दावेदार होते. जयप्रकाशजी आणि आचार्य कृपलानींवर निवड सोपवली गेली आणि मोरारजींचं नाव जाहीर झालं. जगजीवनराम इतके दुखावले, की शपथविधीकडेही फिरकले नाहीत. जयप्रकाशजी आणि कृपलानींइतके निःस्वार्थी पंच देशात दुसरे नव्हते. तरीही ज्यांना डावललं गेलं त्यांना ते मान्य झालं नाही. जुलै 1979 मध्ये ते सरकार कोसळलं, आणि त्यात तीन दावेदारांच्या पहिल्या दिवसापासूनच्या मत्सराचा मोठा वाटा होता.

अमेरिकेत 2006 मध्ये बारा वर्षांनी डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिनिधिगृहात बहुमत मिळालं. नॅन्सी पेलोसी त्या गृहाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष होणार, त्यावर दुमत नव्हतं. झुंज लागली ती दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी. पेलोसींनी जाहीर पत्र लिहून जॉन मर्था यांना पाठिंबा दिला. गुप्त मतदानात स्टेनी होयर 149 विरुद्ध 86 मतांनी जिंकले. ज्या नेत्याला पक्षाने आत्ताच डोक्यावर घेतलं, त्याच नेत्याचा शब्द त्याच दिवशी नाकारला. पेलोसी आणि होयर यांची स्पर्धाही जुनीच. 2001 मध्ये प्रतोदपदासाठी दोघे लढले होते आणि पेलोसी 118 विरुद्ध 95 अशा जिंकल्या होत्या. इतकं होऊनही 2022 अखेरपर्यंत दोघांनी मिळून तो पक्ष चालवला. आम्हाला त्या देशाचं सगळंच अनुकरणीय वाटत नाही. पण हे वाटतं.

आपल्याकडे आज काय होतं? निकाल लागतो. निरीक्षक येतात. बैठक बसते. एका ओळीचा ठराव होतो: नेता निवडण्याचे अधिकार श्रेष्ठींना. डिसेंबर 2023 मध्ये जयपूरला भाजपच्या बैठकीत नेत्याचं नाव चिठ्ठीवर आलं, आणि ते वाचायची वेळ दोनदा मुख्यमंत्री झालेल्या वसुंधराराजेंवर आली. पहिल्यांदाच निवडून आलेल्या भजनलाल शर्मांचं ते नाव होतं. काँग्रेसचीही कथा वेगळी नाही. मे 2023 मध्ये कर्नाटकात पक्षाला 135 जागा मिळाल्या. आपले सुशीलकुमार शिंदे निरीक्षकांमध्ये होते. बंगळुरूत आमदारांची मतं गुप्तपणे घेतलीही गेली. पण ती दिल्लीला गेली आणि आकडे बाहेर आलेच नाहीत. सिद्धरामय्या मुख्यमंत्री झाले, डी. के. शिवकुमार उपमुख्यमंत्री. त्यानंतर अडीच वर्षांच्या वाटणीचा करार होता की नव्हता, या वादाने त्या सरकारचा पिच्छा सोडला नाही. जो आकडा चार दिवसांत जाहीर करता आला असता, त्याच्या जागी वर्षानुवर्षं अफवा राहिल्या.

हे आम्ही तळमळीने लिहितो आहोत, त्याला आणखी एक कारण आहे. 1985 साली राज्यघटनेत दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून सभागृहात मत दिलं, की आमदारकी जाते. फुटीरतेला आळा घालायला हे हवंच होतं. पण त्यानंतर आपला नेता कोण, यावर आमदाराला स्वतःच्या मनाने मत द्यायला एकच जागा उरली, ती पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीची. तिथेही त्याचं मत काढून घेतलं, तर दोन-तीन लाख मतदारांनी निवडून दिलेल्या त्या माणसाला पाच वर्षांत एकदाही त्याबद्दल आपलं मत नोंदवता येत नाही. मग तो ते दुसऱ्या मार्गाने नोंदवतो. रात्री गाड्या निघतात, हॉटेलं आरक्षित होतात, विमानं उडतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने हे सारं डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रत्येक पक्षाच्या घटनेत एक कलम असावं, अशी आमची मागणी आहे. विधिमंडळ पक्षाचा नेता गुप्त मतदानाने निवडला जाईल, उमेदवार एकच असला तरी मतपत्रिका वाटल्या जातील, आणि प्रत्येक उमेदवाराला पडलेली मतं त्याच दिवशी जाहीर होतील. त्याला नव्या कायद्याची गरज नाही, न्यायालयाची नाही, निवडणूक आयोगाचीही नाही. एखाद्या पक्षाच्या आमदारांनी मनावर घेतलं तर पुढच्याच बैठकीत हे होऊ शकतं. ठराव वाचला जात असताना एका आमदाराने उठून "मतदान घ्या" म्हणायचं आहे, आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यायचं आहे.