जादूची गोष्ट आणि तिच्यावरील आरोप

मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तकांतून जादूच्या गोष्टी काढून टाकाव्यात, असे मत आमच्या जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षित मंडळींत वाढत्या आग्रहाने ऐकू येते. मुंग्यांनी राजपुत्राला धान्य निवडून दिले, मासळीने तळाशी गेलेली आंगठी वर आणून दिली, असल्या गोष्टी ऐकून मुलाची बुद्धी भ्रमिष्ट होते आणि तेच मूल मोठेपणी भगताच्या अंगाऱ्यापुढे हात पसरते, असा या मंडळींचा युक्तिवाद आहे. त्यांच्या हेतूविषयी आम्हास शंका नाही. सातपुड्याच्या कुशीत बाईला डाकीण ठरवून छळण्याचा अघोरी प्रकार अजून समूळ नाहीसा झालेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारख्या पुरुषाचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतरच कुठे त्या वर्षी जादूटोण्याविरुद्ध कायदा होऊ शकला. अशा प्रांतात जादू या शब्दानेच विचारी मनुष्य दचकला, तर त्यास दोष कोण देईल? परंतु दचकणे वेगळे आणि न्याय करणे वेगळे. आमचे म्हणणे एवढेच की, या खटल्यात आरोपी चुकीचा धरला आहे.

भगताची जादू आणि आजीच्या गोष्टीतील जादू यांस नाव एक पडले, म्हणून त्या एक होत नाहीत. भगताची जादू पैशाने विकत मिळते. ती भयावर जगते. ती गावातील एखाद्या निराधार बाईकडे बोट दाखविते आणि अखेरीस कोंबड्याची किंवा बोकडाची मान मागते. गोष्टीतील जादूचे नियम याच्या अगदी उलट आहेत. थोरला भाऊ थैली घेऊन निघतो आणि रिकाम्या हाताने परततो. धाकटा आपल्या शिदोरीतील चतकोर मुंग्यांना घालतो, काठावर तडफडणारी मासळी पाण्यात सोडतो, पारध्याच्या फासातील पाखरू मोकळे करतो, आणि पुढे अशक्य कामे समोर आली म्हणजे हेच क्षुद्र जीव त्याच्या हाकेला धावतात. येथे मंत्र नाही, दक्षिणा नाही, बळी तर नाहीच. एक जादू कोंबड्याची मान कापावयास सांगते. दुसरी तीच मान वाचवावयास सांगते. ज्या मुलाच्या मनात ही दुसरी जादू लहानपणी रुजली, त्यास पहिलीची शिसारी येण्याचाच संभव अधिक, हे सुज्ञांस वेगळे सांगावयास नको.

मूल गोष्ट खरी मानते, हीही एक सोयीची समजूत आहे. 'मग मुंगी काय म्हणाली?' असे विचारणारे पाच वर्षांचे मूल अंगणातील मुंगीस उत्तर मागत बसत नाही. गोष्टीचे खरेपण आणि अंगणाचे खरेपण यांतील भेद त्यास उपजत कळतो. तो ज्यांना कळत नाही, अशी प्रौढ माणसे ताईत विकत घेताना दिसतात, आणि त्यांतील पुष्कळांना वाचावयास परीकथा कधी मिळालेलीच नसते!

दुसरा पक्ष नीतिवाद्यांचा. ते म्हणतात, पशूंच्या गोष्टी खुशाल सांगा, पण इसापासारख्या सांगा. शेवटी तात्पर्य असावे म्हणजे झाले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 साली इसापनीती मराठीत आणल्यापासून आमच्या पिढ्यान् पिढ्या तिच्यावर वाढल्या, आणि तिचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु तिच्यातील कोल्हा हा कोल्हा नसतोच. तो कोल्ह्याचे कातडे पांघरलेला धूर्त मनुष्य असतो. पंचतंत्र तर राजपुत्रांना व्यवहार आणि राजनीती शिकविण्यासाठीच सांगितले गेले. या ग्रंथांतून शहाणपण मिळते, सावधपणा मिळतो. खऱ्या कोल्ह्याला तहान लागते, ही जाणीव मात्र मिळत नाही. दया शिकविण्याचे काम ज्याने कधी पत्करलेच नाही, त्या ग्रंथावर ते लादणे म्हणजे बैलाकडून दुधाची अपेक्षा करण्यासारखे आहे.

आता एक आक्षेप खरोखरच वजनाचा आहे. मुंगीला दाणा घातला म्हणून मुंगीने राज्य मिळवून दिले, तर ही दया कसली? हा तर व्यापार झाला! याचे पहिले उत्तर असे की, धाकट्याला फळाची वार्ता नसते. आणि फळाचा सुगावा लागल्यावर जो कोणी त्याची नक्कल करू जातो, त्याची गोष्टीत हटकून फजिती होते. दुसरे उत्तर आमच्या शेजारीच भिंतीवर रंगविलेले आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातील चित्रकारांनी रुरु नावाच्या सोनेरी हरणाची जातककथा चितारली. बुडणाऱ्या मनुष्यास हे हरिण वाचविते. तो मनुष्य बक्षिसाच्या लोभाने राजास त्याचा ठावठिकाणा सांगतो. आणि राजा त्या कृतघ्नावर संतापतो तेव्हा त्याच्यासाठी रदबदली करते ते हरिणच. षड्दंत हत्तीची कथा दहाव्या आणि सतराव्या अशा दोन्ही लेण्यांत आहे. पारध्यास दात कापता येईनात, तेव्हा तो हत्ती स्वतःच ते कापून देतो. येथे व्यापार कोठे आहे? सोनेरी हरिण आणि सहा दातांचा हत्ती वगळा, कारण ते 'अशास्त्रीय' आहेत, असा हुकूम कोणी काढला, तर जळगावाहून चार घटकांच्या प्रवासावर असलेल्या त्या लेण्यांत पाहावयास काय उरेल?

कोणी म्हणेल, साने गुरुजींना जादूची गरज कोठे पडली? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 पर्यंत शिकविलेल्या या शिक्षकाने 'श्यामची आई'त मुक्या फुलांवर आणि मोऱ्या गाईवर एकेक प्रकरण लिहिले. त्यांत चमत्कार नाही, आणि तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांस पाणी येते. हे अक्षरशः खरे आहे. पण श्यामच्या घरी गाय होती, आणि तिच्या पाठीवर हात फिरविणारी आई होती. बहिणाबाई चौधरींना सुगरणीच्या खोप्यावर गाणे सुचले, कारण तो खोपा त्यांच्या नित्य दृष्टीसमोरचा होता. आज जळगाव शहरातील मुलाच्या वाट्यास बैल येतो तो बहुधा पोळ्याच्या दिवशी, मातीचा. शेतातही ट्रॅक्टरने त्याची जागा घेतली आहे. ज्याच्या अंगणात पशू उरला नाही, त्यास त्या पशूचे मन कळावे कसे? पशूला वाचा देणे, हा त्यावर गोष्टीने काढलेला जुना आणि अनुभवसिद्ध उपाय आहे. पहिल्या महायुद्धात जखमी घोड्यांना उपचाराऐवजी गोळी मिळते, हे ह्यू लॉफ्टिंग या इंग्रजाने रणभूमीवर पाहिले. त्याने खंदकांतून मुलांना लिहिलेल्या पत्रांत जनावरांची भाषा शिकणारा एक वैद्य कल्पिला, आणि 1920 साली त्याचे पुस्तक निघाले. त्या युद्धाचे वास्तव वर्णन मुलांना सोसवले नसते; ती कल्पित गोष्ट मात्र त्यांनी आपलीशी केली.

याचा अर्थ जादूची प्रत्येक गोष्ट चांगली, असा मुळीच नव्हे. जीत कांडी फिरविली की श्रम न करता सर्व मिळते, जीत पशू केवळ वाहन किंवा शोभा, अशी पुस्तके बाजारात रग्गड आहेत, आणि ती फडताळातून काढली तर आम्ही टाळ्या वाजवू. कसोटी एकच असावी: या गोष्टीत सामर्थ्य कोणास मिळते आणि कशाच्या मोलाने? दुबळ्यावर दया करणाऱ्यास मिळत असेल, तर ती गोष्ट ठेवावी. पैसा, कपट किंवा बळी यांच्या मोलाने मिळत असेल, तर खुशाल टाकावी.

आणि टाकण्याच्या उत्साहात जमा करण्याचे कर्तव्य विसरू नये. धुळ्यास इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. जळगावच्या विद्यापीठास शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाईंचे नाव 2018 साली दिले गेले. कागदपत्र जपण्याची आणि अशिक्षित प्रतिभेस मान देण्याची परंपरा आम्हास अपरिचित नाही. मग अहिराणीत गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून जात असता, त्या उतरून घेण्यास प्रत्येक शाळेने आपली मुले का धाडू नयेत?

गुणाढ्याची कथा वाचकांस स्मरत असेल. पैठणच्या सातवाहनाने त्याचा ग्रंथ परतविला, कारण भाषा पैशाची, म्हणजे अप्रतिष्ठितांची होती. तेव्हा तो रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. ऐकणारी जनावरे चरणे विसरली आणि वाळली. त्यांचे सुके मांस ताटात आले, तेव्हा राजास शोध लागला. तोवर सात लक्षांपैकी सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. उरलेल्या एका लक्षावर पुढे कथासरित्सागर उभा राहिला. सातवाहन दुष्ट नव्हता. तो फक्त सुशिक्षित होता. जादूच्या गोष्टींविरुद्ध निकाल देण्यास निघालेल्या आमच्या विद्वान मित्रांनी एवढे ध्यानात ठेवावे, इतकीच आमची विनंती आहे.