दुखणं खाली, ब्रेक वरती!

अक्कलदाढ काढलीय कधी? भूल उतरली की जबड्यात जो ठणका सुरू होतो ना, त्यापुढे अप्रेझलची मीटिंगही गोड वाटते. नेमका हाच ठणका सॅन फ्रान्सिस्कोतल्या जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स या तिघांच्या कामी आला.

साल १९७८. नुकतीच दाढ काढलेल्या पेशंट्सना त्यांनी प्लासिबो दिलं, म्हणजे औषध नसलेलं औषध. काहींना तेवढ्यानेच बरं वाटलं. ‘मनाचे खेळ’ म्हणून आपण विषय संपवला असता. पण या तिघांनी पुढे नॅलॉक्सोन टोचलं. हे मॉर्फिनचं पक्कं वैरी. मॉर्फिन मेंदूत ज्या जागी जाऊन बसतं, ती जागाच हे अडवतं. आणि काय झालं? ज्यांना प्लासिबोने आराम पडला होता, त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं!

आता बघा हं. मॉर्फिन दिलेलंच नव्हतं, मग नॅलॉक्सोनने अडवलं कोणाला? पेशंटच्या मेंदूने स्वतःच तयार केलेल्या मॉर्फिनच्या भाऊबंदांना. त्यातलं एन्केफॅलिन १९७५मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून शोधून काढलं होतं. जिमवाल्यांचं लाडकं एंडॉर्फिन याच खानदानातलं.

हे काम करतं कसं, ते तर आणखी भारी आहे. मेंदूच्या मध्यभागी एका बारीक नळीभोवती करड्या पेशींचा एक पट्टा आहे, त्याला म्हणतात पीएजी. ‘दुखणं थांबवा’ अशी ऑर्डर इथून खाली जाऊ शकते. पण एरवी शेजारच्या पेशी त्यावर ब्रेक दाबून बसलेल्या असतात. मॉर्फिन असो की घरचं एन्केफॅलिन, ते या ब्रेकवाल्यांनाच गप्प करतं. ब्रेक सुटला की ऑर्डर मेंदूच्या बुंध्यातून थेट मज्जारज्जूपर्यंत जाते आणि हातापायाचा ठणका वर चढण्याआधी गेटवरच अडतो. (दाढेचं गेट वेगळं, ते मेंदूच्या बुंध्यातच आहे.) २००९मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी लोकांच्या हाताला साधं क्रीम लावलं, ‘वेदनाशामक आहे’ असं सांगितलं आणि चटका दिला. स्कॅनमध्ये मज्जारज्जूतली हालचाल खरोखर कमी दिसली.

तेव्हा पाठ धरलेल्या कलीगला ‘सगळं तुझ्या डोक्यात आहे’ म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. डोक्यातलं आहे म्हणून खोटं आहे, असं होत नाही. उलटंही खरं आहे. इटलीत तुरिनच्या फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी पेनकिलर दोन प्रकारे देऊन पाहिलं. पेशंटच्या नकळत मशीनने दिलं, तर समोर सांगून दिल्यापेक्षा परिणाम कमी! ‘आत्ता आराम पडेल हं’ म्हणणारी नर्स म्हणूनच निम्मी डॉक्टर वाटते मला. अर्थात, या बोलण्याने गाठ विरघळत नाही की मोडलेलं हाड जुळत नाही. आणि प्लासिबोचा प्रत्येक आराम ओपिऑइडच्याच वाटेने येतो, असंही नाही.

एक मात्र लक्षात घ्या. कपाटात पडून असलेली ट्रामाडॉलची स्ट्रिप म्हणजे क्रोसिन नव्हे. ती याच ओपिऑइडच्या जागांवर जाऊन बसते, आणि तसल्या जागा श्वास चालू ठेवणाऱ्या पेशींवरही असतात. घरचं रसायन मेंदू मोजून-मापून, हवं तिथेच सोडतो. बाहेरून आलेलं सगळीकडे पसरतं. डोस जास्त झाला की दुखणं थांबतंच, पण श्वासही मंदावतो. अशा वेळी जीव वाचवायला टोचतात ते हेच नॅलॉक्सोन, दाढवाल्या प्रयोगातलं. अमेरिकेत ओव्हरडोसने इतके जीव गेले, की २०२३पासून त्याचा नाकात मारायचा स्प्रे तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो.