स्वस्तातली दिलगिरी

२०२२ च्या महिला दिनानिमित्त फ्लिपकार्ट या ऑनलाइन विक्री कंपनीने ग्राहकांच्या मोबाईलवर संदेश धाडला : हा दिवस तुमचा, स्वयंपाकघरातील उपकरणे २९९ रुपयांपासून! १९१० साली कोपनहेगनच्या समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या दिवसाचा ठराव मांडला, तो मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांचा लढ्याचा दिवस होता. मालविक्रीचा मुहूर्त नव्हे! ग्राहक संतापले, तेव्हा कंपनीने जाहीर माफी मागितली.

माफी कशाची? निव्वळ शब्दांची! या कंपनीचे बहुसंख्य भागभांडवल २०१८ पासून अमेरिकेतील वॉलमार्टच्या हाती आहे. आणि वॉलमार्टवर तिच्याच स्त्री-कामगारांनी २००१ साली दावा लावला होता : पुरुषांहून कमी वेतन, बढतीत डावलणूक. सुमारे १५ लाख स्त्रियांचा हा प्रश्न. तेथे मात्र दिलगिरीची भाषा नव्हती. कंपनीने आरोप फेटाळले आणि वर्षानुवर्षे वकिलांची फौज लढवली. अखेर २०११ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एवढ्या स्त्रियांना एकत्रितपणे दावा चालवता येणार नाही. पक्षपात झाला की नाही, याचा निवाडा त्या निकालाने केलाच नाही! (एकजुटीने येऊ नका, एकेकट्या या — मालकवर्गाचा हा उपदेश आपल्याकडच्या गिरणी-कामगारालाही तोंडपाठ आहे.)

संदेशातील शब्द मागे घेण्यास कंपनीला एक छदामही पडला नाही. वेतनातील तफावत भरून द्यायची, तर १५ लाख जणींचा हिशेब मांडावा लागला असता.