मोजणारा कोण?

नगरे केवळ पेढ्या आणि कचेऱ्या यांच्या बळावर वाढत नाहीत. गाव सोडून आलेल्यांच्या श्रमांवर ती उभी राहतात. परंतु हे लोक किती, कोठून आले, कसे राहतात, असे कोणी विचारले की नगरांची वाचा बसते. २०२० सालच्या टाळेबंदीत मजुरांचे तांडे पायी गावाकडे निघाले. वाटेत किती दगावले याची नोंद आपल्यापाशी नाही, असे केंद्र सरकारने त्याच सप्टेंबरात लोकसभेत सांगितले. ज्यांच्या जगण्याची गणती नाही, त्यांच्या मरणाची तरी कोठून असणार?

गणती ही निव्वळ कारकुनी बाब नव्हे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तथापि पदपथावरील झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. पर्यायी जागा द्यावी असे सांगितले ते १९७६ च्या गणनेत नोंदल्या गेलेल्यांना. कारकून एके दिवशी दाराशी आला की नाही, यावर कुटुंबाचे भवितव्य ठरले!

त्याच वर्षी भायखळा भागात ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांनाच सोबत घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. ही माणसे चार दिवसांची पाहुणी नसून वर्षानुवर्षे येथे राहत आहेत, दारिद्र्याने त्यांना गाव सोडावयास लावले आणि कामावर पायी जाता यावे म्हणून त्यांनी पदपथ पत्करला, हे त्यातून दिसले. यात नवल नाही. परक्या प्रश्नकर्त्यापुढे जी बाई भयाने मुकी होते, ती शेजारणीपाशी मन मोकळे करते. काय विचारावे, हेही त्या शेजारणीलाच अधिक कळते.

ज्यांना लाभ व्हावयाचा तेच मोजू लागले तर आकडे फुगतील, अशी शंका घेतली जाईल. ती रास्त आहे. पण तिला उपाय आहे. यादी साऱ्या वस्तीसमोर वाचावी आणि महापालिकेने ती ताडून पाहावी. शेजाऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणे हे अधिकाऱ्याच्या डोळ्यांत फेकण्याइतके सोपे नसते. मुंबईत रेल्वेरुळांलगतच्या वस्त्यांचे पुनर्वसन करताना शासनाने अशाच संघटनांचे साह्य घेतले होते.

२०२१ ची जनगणना लांबली आणि तिच्यासाठी २०२७ साल मुक्रर झाले. तोवर या नगराने हातावर हात ठेवून बसू नये. वस्त्यांनी केलेल्या नोंदी महापालिकेने पुरावा म्हणून स्वीकाराव्यात, प्रत्येक कुटुंबास त्याची प्रत द्यावी आणि त्याच याद्या हाती घेऊन कोणाचे छप्पर पाडणार नाही, अशी लेखी हमी द्यावी, अशी आमची मागणी आहे. आमच्या वाचकांपैकी कितीकांचे आजे-पणजे कोकणातून वा घाटावरून वळकटी घेऊन याच नगरात उतरले होते. त्यांना गाववाल्यांच्या खोलीचा आसरा मिळाला. आज येणाऱ्यास निदान नोंदवहीत जागा मिळावी, एवढे मागणे जास्त नव्हे.